भंगारातून वजन, दुकानातून सरळपणा : घरी बांधायचा सीएनसी राऊटर

नवखा माणूस सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमाने फिरतं बिट चालवून लाकूड कापणारं मशीन, बांधायला घेतो तेव्हा पहिली खरेदी बहुतेक वेळा मोटर आणि कंट्रोल कार्डाची होते. ती शेवटी करायची. मोटर कमी पडली तर चार बोल्ट काढून मोठी बसवता येते, मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळला तर दुसरा लावता येतो, कार्ड बदलायला एक संध्याकाळ पुरते. सांगाडा हलका किंवा पिळलेला निघाला तर मात्र पुढचं प्रत्येक काम त्या पिळावर चढत जातं आणि शेवटी कापलेल्या फळीच्या कडेवर उमटतं. म्हणून इथे सांगाडा आणि रेल (ज्यांवरून मशीनचे भाग सरकतात) यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे, इलेक्ट्रॉनिक्स त्यामानाने थोडक्यात.

सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर या पट्ट्यात राहणाऱ्याला या कामात मोठी सोय आहे. लेथवाला, मिलिंगवाला, फॅब्रिकेशनवाला आणि कारखान्यांचं भंगार हे सगळं गाडीवरून जाऊन येण्याच्या अंतरात मिळतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना वसवला, तीच आजची किर्लोस्करवाडी. लोखंड घडवणारे हात या जिल्ह्यात शंभर वर्षांपासून आहेत. एखादी प्लेट मिलिंग करून हवी असेल तर ती पुण्याला पाठवावी लागत नाही. जे काम घरच्या ड्रिल मशीनवर नीट होणार नाही ते वर्कशॉपमधून बिनधास्त करून घ्या. मशीन तरीही तुमचंच राहतं.

आकार आधी ठरवा

पहिल्या मशीनला ६०० × ४०० मिमी कामाची जागा आणि उंचीत ८० मिमी चाल पुष्कळ झाली. दुकानाचा नामफलक, देव्हाऱ्याची जाळी, कपाटाच्या दारावरची नक्षी, फाउंड्रीचा लहान पॅटर्न (ओतकामाचा नमुना) एवढं सगळं त्यात बसतं. आठ बाय चारची अख्खी शीट कापायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा, कारण इथे गणित फार कठोर आहे. दोन टोकांना धरलेल्या रॉडची लांबी दुप्पट केली की मधोमध येणारा झोल आठपट होतो. उलट, रॉडची जाडी दुप्पट केली की झोल सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे लांबी वाढवणं महाग आणि जाडी वाढवणं स्वस्त. हे एक वाक्य डोक्यात ठेवलंत तर भंगाराच्या ढिगासमोर उभं राहिल्यावर काय उचलायचं हे आपोआप कळेल.

स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) धरणारी आडवी कमान, म्हणजे गॅन्ट्री, ४०० च्या बाजूवर ठेवा आणि तिला ६०० च्या दिशेने चालवा. गॅन्ट्री जेवढी आखूड तेवढी ताठ. लांबीच्या दिशेला वाय, आडव्याला एक्स आणि उभ्याला झेड म्हणू. रेलची लांबी काढताना कामाची चाल अधिक रेलवर सरकणाऱ्या गाडीची लांबी अधिक थोडी सूट असा हिशेब धरायचा. गॅन्ट्रीच्या पायाखालचे दोन ब्लॉक १८० मिमी जागा व्यापत असतील तर ६०० च्या चालीला ८०० मिमीची रेल लागते. एक्सला साधारण ५५० ते ६०० मिमी. हे सगळं कागदावर पूर्ण मापात काढा, जमलं तर फ्रीकॅडमध्ये. ते सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुढे जॉब (कापायचं काम) काढायलाही तेच कामी येतं.

भंगारात काय शोधायचं

माझा नियम सरळ आहे: वजन भंगारातून आणा, सरळपणा नवा घ्या. जी वस्तू नुसती उभी राहून भार सोसते ती जुनी चालते. जिच्या सरळपणावर जॉबचं माप अवलंबून आहे ती नवी घ्यावी.

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीच्या आसपासच्या भंगार दुकानांत माल किलोवर मिळतो. तिथे सगळ्यात आधी जाड चौकोनी पाईप आणि चॅनेल बघा. ५० × ५० × ३ मिमीचा चौकोनी पाईप या मशीनला योग्य. त्याचं वजन मीटरला चार-साडेचार किलो भरतं, पण मशीनला जडपणा हवाच असतो. पाईपाचं एक टोक डोळ्याला लावून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाका. वाक असेल तर लगेच दिसतो. गॅसने कापलेल्या पाईपची टोकं कडक झालेली असतात, तेवढा भाग कापून टाकायच्या हिशेबाने लांबी घ्या. जुन्या ड्रिल मशीनचं बिडाचं टेबल किंवा जाड बिडाची प्लेट मिळाली तर सोडू नका. बीड कंप गिळतं, आणि झेडची पाठ म्हणून ते फार छान काम करतं.

दुसरी सोन्याची खाण म्हणजे मोडीत काढलेले कंट्रोल पॅनेल. त्यातून लोखंडी पेटी, एमसीबी, कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच), रिले, टर्मिनल पट्ट्या, लाल मशरूम डोक्याचं इमर्जन्सी बटण आणि केबल चेन एवढं निघतं. नव्याने घ्यायला गेलात तर याच किरकोळ वस्तूंवर खिसा रिकामा होतो. बारा मिमीचे प्रॉक्झिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की कळवणारे) मिळाले तर तेही काढून ठेवा, होमिंगला, म्हणजे मशीनला ठराविक मूळ जागेवर नेण्याला, लागतील. कॉन्टॅक्टर घेताना वरचा भाग हाताने दाबून बघा. आतले संपर्क जळून काळे पडले असतील तर नको.

कचेऱ्यांतून निघालेले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन खोलण्यासारखे असतात. त्यात ग्राइंड केलेले गुळगुळीत रॉड, दाती पट्टे, पुली, स्प्रिंगा, मायक्रो स्विच आणि स्टेपर मोटर (ठराविक लहान टप्प्यांनी फिरणाऱ्या) मिळतात. नव्या इंकजेट प्रिंटरात मात्र बऱ्याचदा स्टेपरऐवजी साधी डीसी मोटर आणि रेघांची पारदर्शक पट्टी असते. ती या कामाला उपयोगी नाही. प्रिंटरमधल्या मोटर लहान असतात. ६०० × ४०० च्या मशीनला त्या पुरणार नाहीत, पण वायरिंग आणि सॉफ्टवेअर शिकायला त्यांच्यासारखं साधन नाही. टेबलावर एक मोटर, एक ड्रायव्हर आणि आर्डुइनो (लहान कंट्रोल कार्ड) मांडून ती हवी तेवढी फिरवता आली की निम्मी भीती जाते.

जुनी स्टेपर ओळखायची युक्ती अशी. चार वायरी असतील तर त्यात दोन गुंडाळ्या असतात. कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना जोडून शाफ्ट फिरवा. शाफ्ट अडखळत, जड फिरला तर त्या दोन वायरी एकाच गुंडाळीच्या. मोकळा फिरला तर जोडी बदला. सहा वायरी असतील तर प्रत्येक गुंडाळीच्या मधून एक वायर बाहेर काढलेली असते. मल्टिमीटरवर टोक ते टोक जेवढा रोध दिसतो त्याच्या निम्मा मधल्या वायरीपर्यंत दिसतो. ती मधली वायर मोकळी ठेवून बाकीच्या चार वापरायच्या. पाच वायरींची मोटर बाजूला ठेवा, आपल्या ड्रायव्हरला ती जुळत नाही.

काय उचलायचं नाही, तेही सांगतो. मोठ्या मशीनमधून निघालेली सर्व्हो मोटर दिसायला देखणी असते, पण तिचा जोडीचा ड्राइव्ह नसेल तर ती नुसतं लोखंड आहे. जुना ३२-४० मिमी जाडीचा बॉल स्क्रू (मोटरचं फिरणं सरळ चालीत बदलणारा आटेदार रॉड) आपल्या मोटरांना फिरवायला जड जातो. जुन्या लिनिअर रेलवर बोटाचं नख फिरवा. बारीक खड्डे लागले किंवा ब्लॉक सरकवताना दाणेदार वाटलं तर फुकटही घेऊ नका. नदीकाठच्या भागातलं सामान असेल तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ते पाण्याखाली होतं का, हे स्पष्ट विचारा. बेअरिंग आणि मोटरच्या आत गेलेला गाळ बाहेरून पुसून जात नाही. आणि मायक्रोवेव्ह ओव्हन खोलायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका भार धरून असू शकतो.

नवं काय घ्यायचं

लिनिअर रेल आणि ब्लॉक, बॉल स्क्रू, कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारं), मोटर, ड्रायव्हर आणि एसएमपीएस (डीसी वीज देणारा पुरवठा). यादी संपली. रेलमध्ये दोन पर्याय समोर येतात. एक, खाली ॲल्युमिनियमचा आधार असलेला गोल शाफ्ट, ज्याला एसबीआर १६ किंवा एसबीआर २० म्हणतात. दुसरा, चौकोनी एचजीआर १५ किंवा २०. पैसे असतील तर चौकोनीच घ्या. बसवायची जागा नीट सपाट करणं शक्य नसेल तर गोल रेल थोडंफार सांभाळून घेते, पण तिची ताठरता कमी. नुसत्या दोन टोकांवर अडकवलेले गोल रॉड या मापाच्या मशीनला लावू नका. वर दिलेलं आठपटीचं गणित तिथेच लागू होतं.

स्क्रूसाठी १६०५ मागा: १६ मिमी व्यास, एका फेऱ्यात ५ मिमी सरक. त्याला बीके १२ आणि बीएफ १२ हे आधार लागतात. बीके बाजूला अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंग असतं, रेटा तिथे घेतला जातो, म्हणून मोटर त्या बाजूला. हल्ली सगळीकडे मिळणारा आठ मिमीचा टी ८ स्क्रू स्वस्त आहे, पण लांब वायला तो लवचीक पडतो.

सांगाडा

पाईप मापात कापून घेताना चारही उभे तुकडे एकत्र बांधून एकाच वेळी कापा, म्हणजे निदान एकमेकांशी तरी सारखे राहतील. जोडणी सपाट जमिनीवर मांडा, गुण्या लावा आणि मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. फॅब्रिकेशनवाल्याला आधीच सांगा की सगळीकडे आधी टाके मारायचे, मग समोरासमोरच्या कोपऱ्यात थोडं थोडं वेल्डिंग करत जायचं. घाईत एकच कोपरा पूर्ण भरला की वेल्ड थंड होताना पाईपाला ओढतो आणि चौकट पिळते. दर दोन-तीन टाक्यांनंतर कर्ण पुन्हा मोजायला लावा. गेट बनवणाऱ्या माणसाला ही कटकट वाटेल. त्याला चहा पाजा, पण मोजमाप सोडू नका.

कितीही जपलं तरी वेल्ड केलेल्या पाईपाचा पृष्ठभाग रेल बसवण्याइतका सपाट नसतो. यावर सगळ्यात खात्रीचा उपाय असा: दोन्ही बाजूंच्या पाईपांवर ४० × १० ची लोखंडी पट्टी वेल्ड करा, चौकट काही दिवस तशीच सोडा, आणि मग ती अख्खी उचलून मोठ्या मिलिंग मशीनवर न्या. दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये मिल करून घ्यायच्या. मधे चौकट सोडून पुन्हा बांधली तर दोन बाजू एकाच पातळीत येण्याची खात्री राहत नाही, म्हणून वर्कशॉपमध्ये हे वाक्य दोनदा सांगा. रेलची भोकंही तिथेच मारून घेतली तर उत्तम. घरी टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारताना तिरका गेलेला टॅप फार मनस्ताप देतो. हा खर्च अंगावर येतो खरा. पण अख्ख्या मशीनमध्ये एकाच जागी सढळ हाताने खर्च करायचा असेल तर मी तो इथे करीन.

मिलिंग शक्य नसेल तर दुसरी वाट इपॉक्सीची. दोन्ही पाईपांच्या माथ्यावर पत्र्याचा किंवा चिकटपट्टीचा बांध घालायचा, दोन्ही बाजू एका आडव्या पन्हाळीने जोडायच्या आणि पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ओतायचं. पाण्यासारखं ते स्वतःची पातळी स्वतः शोधतं. खोलीत धूळ नको, आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत चौकटीला हात लावायचा नाही. खालच्या टेबलाला हादरा बसेल असं काही शेजारी चालू नको.

सपाटी तपासायला महागडी सरफेस प्लेट नसली तरी चालतं. काचेच्या दुकानातून १२ मिमी जाडीच्या फ्लोट काचेची अरुंद पट्टी कापून आणा. ती रेलच्या जागेवर ठेवून खाली फीलर गेज (ठराविक जाडीचं पातळ पातं) कुठे शिरतो ते बघत जा.

रेल बसवणं

आधी एकच रेल. सरळ पट्टीला टेकवून तिचे बोल्ट मधून टोकांकडे क्रमाने आवळा. ही झाली मुख्य रेल, तिला पुन्हा हात लावायचा नाही. दुसऱ्या रेलचे बोल्ट हातानेच अडकवा, वर गॅन्ट्रीची खालची प्लेट बसवा आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवा. दुसरी रेल स्वतःची जागा धरते. गॅन्ट्री जिथे असेल तिथलाच बोल्ट आवळायचा आणि पुढे जायचं. सगळे बोल्ट आवळल्यावर गॅन्ट्री दोन बोटांनी, सगळीकडे सारख्याच जोराने सरकली पाहिजे. मधेच कुठे जड लागत असेल तर तिथे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) लागणार आहे. तेल टाकून ते जाणार नाही.

वायचा स्क्रू एकच, टेबलाच्या खालून मधोमध घ्या आणि गॅन्ट्रीचे दोन्ही पाय खालून एका आडव्या पाईपने जोडून त्याला नट बांधा. दोन बाजूंना दोन स्क्रू लावणारे बरेच आहेत, आणि रुंद मशीनला ते लागतातच. ४०० च्या रुंदीला एका स्क्रूने काम भागतं, एक मोटर वाचते आणि गॅन्ट्री तिरकी होण्याची शक्यता कमी होते. नट आवळण्यापूर्वी गॅन्ट्री दोन्ही टोकांना नेऊन बघा. दोन्हीकडे स्क्रू मोकळा फिरला तरच तो रेलला समांतर आहे.

झेडबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. बॉल स्क्रूमध्ये घर्षण इतकं कमी असतं की मोटरची वीज गेली की स्पिंडलच्या वजनाने तो स्वतःच फिरतो आणि स्पिंडल खाली येतं. लाईट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात याचा अर्थ फिरतं बिट जॉबमध्ये रुतणं. म्हणून झेडला गॅस स्ट्रट किंवा स्प्रिंगने वजन तोलून धरा. स्पिंडल म्हणून सुताराचा हलका ट्रिमर असेल तर एका फेऱ्यात २ मिमीच सरकणारा टी ८ स्क्रू लावा. तो वजनाने उलटा फिरत नाही. झेडची चाल थोडीच असते, त्यामुळे तिथे हा बारीक स्क्रू चालून जातो.

स्पिंडल

सुतार वापरतात तो ट्रिमर सुरुवातीला पुरेसा आहे. कोलेट (बिट धरणारी पकड) ६ मिमीचं की पाव इंची, हे बघून बिट घ्या. जबरदस्तीने बसवलेलं बिट सुटून उडतं. ट्रिमरचा तोटा म्हणजे आवाज. शेजारी झोपायच्या वेळेला तो लावता येणार नाही. पुढे दीड किलोवॉटचं स्पिंडल आणि व्हीएफडी घेता येतं. व्हीएफडी सिंगल फेज वीज घेऊन स्पिंडलला थ्री फेज देतं, आणि ४०० हर्ट्झला मिनिटाला २४,००० फेरे मिळतात. हे स्पिंडल व्हीएफडीशिवाय थेट लाईनला कधीही जोडू नका.

वीज

मोटर नेमा २३, साधारण १९ किलो-सेंमीची, तीन नग. ड्रायव्हर डीएम ५४२ किंवा त्याच्यासारखे. एसएमपीएस ३६ व्होल्ट, १० अँपिअर. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसचे १२ व्होल्ट या मोटरांना वेगात कमी पडतात. तो पंख्याला आणि दिव्याला वापरा.

ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढायची नाही आणि लावायचीही नाही. ड्रायव्हर जळण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. ड्रायव्हरवरचे स्विच मोटरच्या अँपिअरपेक्षा थोडे खालीच ठेवा. मोटर हाताला चांगली गरम लागली तर घाबरू नका, स्टेपर तशाच चालतात. पण हात ठेवताच झटकावा लागला तर करंट कमी करा.

ट्रिमर आणि एसएमपीएस दोन्ही एका कॉन्टॅक्टरमधून घ्या आणि त्याला हिरवं-लाल बटण विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरसारखं जोडा. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे आणि परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत काहीही सुरू होता कामा नये. ट्रिमर थेट बोर्डात लावलेला असेल आणि लाईट जाऊन आली, तर तो तुमचा हात बिटाजवळ असताना सुरू होईल. इमर्जन्सी बटण याच वाटेत, दाबताच सर्किट तुटेल असं, आणि मशीनच्या पुढच्या बाजूला हात सहज पोचेल तिथे. सांगाड्याला अर्थिंग हवंच. घराचं अर्थिंग खरं आहे की नुसती हिरवी वायर लोंबते आहे, हे वायरमनकडून तपासून घ्या.

मोटरच्या वायरी आणि लिमिट स्विचच्या (चालीच्या टोकाला मशीन थांबवणाऱ्या स्विचच्या) वायरी वेगळ्या वाटेने न्या. त्या एकत्र बांधल्या की ट्रिमर सुरू होताच मशीन विनाकारण थांबतं आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. लिमिटला जाळीची केबल वापरा, जाळी एकाच टोकाला अर्थ करा. भंगारातले प्रॉक्झिमिटी सेन्सर १२ किंवा २४ व्होल्टवर चालत असतील तर त्यांच्या आणि आर्डुइनोच्या मधे ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देऊन दोन्ही सर्किट वेगळी ठेवणारा भाग) हवा.

जीआरबीएल

आर्डुइनो ऊनोवर जीआरबीएल १.१ हे मशीनचे हुकूम वाचून मोटर चालवणारं सॉफ्टवेअर चढवा. २, ३, ४ या पिनवर तिन्ही अक्षांचे स्टेप, ५, ६, ७ वर दिशा आणि ८ वर एनेबल. कॉम्प्युटरवरून चालवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर किंवा कँडल, दोन्ही फुकट. जुना, पॅरलल पोर्ट असलेला कॉम्प्युटर पडून असेल तर लिनक्ससीएनसीही उत्तम चालतं.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे एका मिलीमीटरला किती स्टेप. मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते. ड्रायव्हरवर आठ मायक्रोस्टेप ठेवले, म्हणजे प्रत्येक स्टेपचे आठ भाग केले, की १६००. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकतो, म्हणून १६०० भागिले ५, उत्तर ३२०. हा आकडा जीआरबीएलच्या $१०० (एक्स) आणि $१०१ (वाय) या सेटिंगमध्ये भरायचा. झेडला २ मिमीचा स्क्रू असेल तर $१०२ मध्ये ८००. जीआरबीएल सेकंदाला जास्तीत जास्त ३०,००० स्टेप देतं, त्यामुळे ३२० च्या हिशेबाने वेगाची वरची मर्यादा मिनिटाला सुमारे ५,६०० मिमी येते. सुरुवातीला $११० (एक्सचा कमाल वेग) मध्ये २,००० च्या वर जाऊ नका. मायक्रोस्टेप वाढवत नेले की अचूकता वाढते असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात वेग घटतो आणि कापताना हाती काही लागत नाही.

$१ मध्ये २५५ भरा, म्हणजे मशीन थांबल्यावरही मोटर पकड सोडणार नाहीत. $२२ ने होमिंग सुरू करा. लिमिट सर्किट तुटल्यावर थांबणारं असेल तर $५ मध्ये १. आपल्याकडे होमिंग ही चैन नाही. लाईट जाऊन आली की मशीनला स्वतःची जागा आठवत नाही, आणि होमिंग असेल तरच अर्धवट जॉब त्याच जागेवरून पुढे नेता येतो. त्यासाठी जॉबचा शून्यबिंदू होमपासून किती अंतरावर आहे ते वहीत लिहून ठेवायची सवय लावा.

जी-कोडला, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकुमांना, घाबरू नका. जी २१ म्हणजे मापं मिलीमीटरमध्ये, जी ९० म्हणजे मापं शून्यापासून मोजायची, जी ० वेगाने जाणं, जी १ कापत जाणं, एम ३ स्पिंडल सुरू, एम ५ बंद. कुपवाडच्या कारखान्यांत व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मोठं सीएनसी मशीन) चालवणारी आयटीआयची पोरं हेच कोड रोज वापरतात. गल्लीत तसा कुणी असेल तर रविवारी त्याला बोलवा. जॉब कसा बांधायचा आणि शून्य कसं घ्यायचं हे तासाभरात जेवढं तो दाखवेल तेवढं वाचून कळत नाही.

कापण्याआधी पेन

स्पिंडलच्या जागी पेन बांधा आणि २०० × २०० चा चौरस काढायला लावा. दोन्ही कर्ण २८२.८ मिमी आले पाहिजेत. एक मोठा आणि एक लहान आला तर गॅन्ट्री रेलशी काटकोनात नाही. बोल्ट सैल करून ती वळवायची. बाजूच कमी-जास्त येत असतील तर स्टेपचा आकडा तपासा. ३०० मिमी सांगून २९९.४ सरकत असेल तर ३२० ला ३०० ने गुणून २९९.४ ने भागा. बॉल स्क्रूवर फरक याहून मोठा असेल तर आकड्याशी खेळू नका, कपलिंगचा ग्रब स्क्रू बघा. शाफ्टवर तो घसरत असतो. उलटसुलट चालीतला खेळ मापायला डायल (बारीक हालचाल दाखवणारं गेज) लावा: एका दिशेने येऊन शून्य करा, १ मिमी पुढे, १ मिमी मागे, आणि काटा शून्यावर येतो का बघा.

मग टेबलावर १८ मिमी एमडीएफ बोल्टने बसवा आणि रुंद बिटाने त्याचा वरचा थर मशीनकडूनच खरवडून घ्या. आता तो पृष्ठभाग मशीनच्या चालीला समांतर झाला. प्रत्येक पट्ट्याच्या कडेला पायरी जाणवत असेल तर स्पिंडल उभं नाही. कोलेटमध्ये वाकवलेली तार किंवा डायल धरून हाताने गोल फिरवा, आणि स्पिंडलच्या पट्ट्याखाली शिम घालत चारही बाजू सारख्या करा. पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, त्यामुळे जूनच्या पावसानंतर हे खरवडणं पुन्हा करावं लागतं. रेलवर त्या महिन्यांत तेलाचा हात जास्त वेळा फिरवा.

पहिलं लाकूड

कापण्याचा वेग असा काढतात: स्पिंडलचे फेरे गुणिले बिटाची पाती गुणिले प्रत्येक पात्याने घ्यायचा चावा. १२,००० फेरे, दोन पाती, ०.०५ मिमी चावा, म्हणजे मिनिटाला १,२०० मिमी. खोली बिटाच्या व्यासाच्या निम्मी. नवखे लोक भीतीने फेरे पूर्ण ठेवून चाल फार हळू ठेवतात. मग बिट कापण्याऐवजी घासतं, लाकूड काळं पडतं, आणि धुमसलेला भुसा नळीतून ओढला गेला तर आगही लागू शकते. बारीक धूळ येत असेल तर चाल वाढवा, भुश्याचे स्पष्ट कण पडायला हवेत. सागवान आणि एमडीएफ सरळ वागतात. प्लायच्या वरच्या थराचे पोपडे निघत असतील तर भुसा खाली दाबणारं डाऊनकट बिट वापरा. ॲक्रिलिक वितळून बिटाला चिकटतं. त्याला एका पात्याचं बिट आणि कमी फेरे.

एमडीएफची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. एन ९५ मास्क, चष्मा आणि व्हॅक्यूमची नळी लावा. हातमोजे मात्र घालायचे नाहीत. फिरतं बिट मोजा पकडून बोटासकट ओढतं. ओढणी, लांब बाही, गळ्यातला धागा हे सगळं आवरून घ्या. मशीन चालू ठेवून जेवायला जाऊ नका.

पैसे मिळवून देणारं काम सगळ्यात लवकर फाउंड्रीच्या पॅटर्नचं येऊ शकतं. त्यात दोन गोष्टी ड्रॉइंगपेक्षा वेगळ्या कराव्या लागतात. ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरला १० मिमी मोठा. ॲल्युमिनियमला हे प्रमाण त्याहून थोडं जास्त, १३ मिमीच्या आसपास. आणि वाळूतून पॅटर्न उचलताना साचा मोडू नये म्हणून उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार, तो कापायला निमुळतं बिट. धातू कुठला, उतार किती आणि मशीनिंगसाठी किती माल जादा ठेवायचा, हे तिन्ही मोल्डिंगच्या मिस्त्रीला विचारून कागदावर लिहून घ्या आणि मगच फळी टेबलावर बांधा.